ड्राइव्हवेला दुसरं तोंड मिळेल का?

प्रश्न

ताई, आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो. घर काउंटी रोडवर आहे, वेगमर्यादा ताशी ३५ मैल. प्लॉट ७५ फूट बाय ११० फूट, घर रस्त्यापासून ३० फूट आत. ड्राइव्हवे घराच्या डाव्या अंगाने सरळ गॅरेजपर्यंत जातो, त्यामुळे रोज सकाळी गाडी मागे घेत रस्त्यावर काढावी लागते. मार्चमध्ये बायको गाडी मागे घेत असताना वळणावरून एक पिकअप आला आणि अगदी थोडक्यात वाचलो. शिवाय आई ७८ वर्षांची आहे, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, वॉकर घेऊन चालते. ड्राइव्हवेपासून पुढच्या दारापर्यंत बर्फाच्या दिवसांत तिला नेणं म्हणजे जीव मुठीत धरून चालणं.

म्हणून पुढच्या अंगणात अर्धगोल ड्राइव्हवे करायचं ठरवलं. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. टाउनशिपच्या झोनिंग ऑफिसरने (जमिनीवर काय आणि किती बांधता येईल ते बघणाऱ्या अधिकाऱ्याने) अर्ज नाकारला. कारणं दोन: एका प्लॉटला एकच कर्ब कट, म्हणजे रस्त्याची कड कापून केलेलं ड्राइव्हवेचं तोंड, चालतो, आणि इम्पर्व्हियस कव्हरेज, म्हणजे पाणी न मुरणारी झाकलेली जागा, ४० टक्क्यांच्या वर जातं. सर्व्हेयरच्या हिशोबाने आत्ता घर, ड्राइव्हवे, पायवाट आणि मागचा १४ बाय २० चा पॅटिओ धरून ३,१५० चौरस फूट झाकलेलं आहे. अर्धगोलाने ६२० ची भर पडेल. कंत्राटदार म्हणतो, आधी करून टाका, व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, मागाहून घेता येतो. उजवीकडच्या शेजाऱ्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय की हेडलाइट त्यांच्या बेडरूमवर पडतील, ते विरोध करणार. व्हेरियन्स मिळेल का? वकील लागेल का?

– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर

आधी कंत्राटदाराचं. त्याला आजच नाही म्हणून कळवा. रस्ता काउंटीचा आहे, म्हणजे कर्ब आणि त्यामागची गवताची पट्टी बहुतेक करून तुमच्या सातबाऱ्यातली नाहीच, ती रस्त्याच्या हद्दीतली. तुमचा सर्व्हे काढून बघा, पुढची हद्दरेषा कर्बपासून किती आत आहे ते कळेल. काउंटीच्या परवान्याशिवाय कर्ब फोडला, तर तो स्वखर्चाने पूर्ववत करून देण्याची पाळी येते. त्यानंतर व्हेरियन्स देणाऱ्या झोनिंग बोर्डासमोर उभे राहिलात की पहिला प्रश्न हाच, की ही अडचण तुम्ही स्वतःच ओढवून घेतली ना?

हे मी अनुभवाने सांगते. १९९३ साली आमच्या पहिल्या घराचा ड्राइव्हवे आम्ही ३ फुटांनी रुंद करून घेतला होता. डांबर घालणाऱ्याने सांगितलं, एवढ्याशासाठी कोणी विचारत नाही. अकरा वर्षांनी घर विकताना खरेदीदाराच्या सर्व्हेत ती पट्टी शेजारच्या हद्दीला भिडलेली दिसली, क्लोजिंग, म्हणजे विक्री पुरी व्हायचा दिवस, आठ दिवसांवर आलेलं. शेवटी करवत आणून ते डांबर सरळ रेषेत कापलं, उचलून नेलं, तिथे माती घालून गवत पेरलं. त्या वेळी मी स्वतः काउंटीच्या इंजिनियरिंग खात्यात ड्राइव्हवेचे नकाशे तपासत होते. इतरांना रोज जे सांगायचं, ते स्वतःच्या घरी पाळलं नाही याचं वाईट अजून वाटतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. नोकरी संपल्यावर मी आमच्या गावच्या झोनिंग बोर्ड ऑफ अ‍ॅडजस्टमेंटवर नऊ वर्षं बसले. आपली माणसं तिथे येत आणि कळवळून बोलत. आईचं दुखणं, मुलांची शाळा, रात्रपाळी. सगळं खरं असायचं. एक गृहस्थ पाऊण तास वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलले, ऐकताना आमच्यातल्या दोघांचे डोळे भरून आले. मतदान झालं आणि अर्ज पडला. कारण त्या पाऊण तासात त्यांच्या जमिनीबद्दल एक वाक्यही आलं नव्हतं.

न्यू जर्सीत हा सगळा कारभार १९७५ च्या म्युनिसिपल लँड यूज लॉ या कायद्याने चालतो. तुमच्यासारख्या मागणीला तिथे ‘सी’ व्हेरियन्स म्हणतात आणि तो मिळवायला दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेने जायचं तर जमिनीत काहीतरी वेगळं असावं लागतं: प्लॉट अरुंद, उथळ किंवा वेडावाकडा, जमिनीचा उतार विलक्षण, किंवा त्यावर आधीपासून कायदेशीर उभ्या असलेल्या बांधकामामुळे आलेली खास अडचण. नियम जसाच्या तसा लावला तर या वेगळेपणामुळे तुमची कोंडी होते, हे दाखवायचं. माणूस थकला, आजारी पडला, कुटुंब वाढलं, हे या वाटेवर धरलं जात नाही. कारण व्हेरियन्स जमिनीला चिकटतो. उद्या तुम्ही घर विकलं, तर नव्या मालकालाही तो मिळतो. माणसाची अडचण संपते, कर्ब कट मात्र राहतो.

तुमचा प्लॉट ७५ फुटांचा. तुमच्या रांगेतली बाकीची घरंही ७५ चीच असतील, तर ‘आमचा प्लॉट अरुंद’ हे म्हणणं टिकणार नाही, ते सगळ्या आळीचंच म्हणणं झालं. पण तुम्ही लिहिता, ‘वळणावरून’ पिकअप आला. ते वळण तुमच्या घरापासून किती फुटांवर आहे? बाकीच्या घरांना ते वळण नसेल आणि तुम्हाला असेल, तर वेगळेपण तिथे आहे.

दुसऱ्या वाटेने जायचं तर नियमाला दिलेली सवलत गावाच्या भल्याची आहे, आणि हा फायदा नुकसानीपेक्षा बराच जास्त आहे, हे दाखवायचं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालच्या कॉफमन खटल्यात याचा अर्थ स्पष्ट केला: फायदा केवळ मालकाचा असून चालत नाही, समाजालाही व्हायला हवा. तुमच्या बाबतीत हा मुद्दा चांगला आहे, कारण रस्त्यावर उलटी निघणारी गाडी फक्त तुमच्या बायकोला धोका नाही, त्या पिकअपवाल्यालाही आहे. शिवाय दोन्ही वाटांवर आणखी एक अट असते. लोकहिताला मोठी बाधा येत नाही आणि गावाच्या झोनिंग आराखड्याचा हेतू मोडत नाही, हे दाखवावंच लागतं. याला तिथे ‘निगेटिव्ह क्रायटेरिया’ म्हणतात, आणि अर्ज पडतात ते बहुतेक इथेच.

तुमच्या योजनेतली अडचणही इथेच आहे, मनापासून सांगते. एका प्लॉटला एकच कर्ब कट हा नियम उगाच आलेला नाही. रस्त्याला जितकी तोंडं जास्त, तितक्या गाड्या आडव्या यायच्या जागा जास्त. तुम्ही एक धोका कमी करायला दुसरं तोंड मागता आहात. बोर्डाचा इंजिनियर विचारेल: उलटं निघणंच थांबवायचं आहे ना, मग गाडी आतल्या आत का वळवत नाही? याचं उत्तर तयार नसेल, तर व्हेरियन्स मिळण्याची आशा मी धरणार नाही.

म्हणून कुठलाही अर्ज लिहिण्याआधी एका रविवारी सकाळी मोजमाप करा. मी कितीतरी घरांच्या दारात उभी राहून हे केलं आहे. एक काठी घ्या आणि जमिनीपासून साडेतीन फुटांवर तिला लाल दोरा बांधा. गाडीत बसलेल्याचे डोळे साधारण त्या उंचीवर असतात. गाड्या धावतात त्या लेनच्या कडेपासून साडेचौदा फूट आत, आपल्या ड्राइव्हवेच्या मध्यावर ती काठी उभी करा, आणि दोऱ्याच्या उंचीवर डोळा आणून डावीकडे बघा, मग उजवीकडे. घरातल्या कोणाला तरी फुटपाथवरून टेप घेऊन चालत जायला सांगा, रस्त्यात उतरायचं नाही. येणारी गाडी जिथे पहिल्यांदा दिसते तिथे तो थांबेल, आणि तेवढे फूट लिहून घ्यायचे. मग तेच उजवीकडच्या नियोजित तोंडापाशी करा.

आकड्यांचा अर्थ असा. ताशी ३५ मैल म्हणजे गाडी सेकंदाला सुमारे ५१ फूट पुढे येते. आश्टो, म्हणजे अमेरिकेतल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना, तिच्या मार्गदर्शनानुसार या वेगाच्या गाडीला सपाट रस्त्यावर थांबायला २५० फूट लागतात. त्यात चालकाला भान यायला लागणारा वेळही धरला आहे. थांबून डावीकडे वळणाऱ्याला निवांत निघता यावं यासाठी ३९० फूट सुचवले आहेत. तुम्हाला वळणाच्या बाजूला १८० फूटच दिसत असतील, तर बोर्डासमोर तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. पण नव्या तोंडापाशी त्याहूनही कमी दिसत असेल, तर ती योजना तिथेच सोडून द्या. काउंटीचा इंजिनियर तिला हात लावणार नाही, आणि त्याने लावूही नये.

मोजताना आणखी एक दिसेल. दृष्टी अडवणारी गोष्ट पुष्कळदा आपलीच असते. वाढलेलं यू किंवा आर्बरव्हिटेचं कुंपण, टपालपेटी, कधी कचऱ्याचे डबे. एका घरी आम्ही गेलो तेव्हा १२० फूट दिसत होतं. मालकाने त्याच दिवशी दोन झुडपं गुडघ्याएवढी छाटली आणि २६० फूट दिसायला लागलं. त्यांना दुसऱ्या कशाचीच गरज उरली नाही.

आता मी काय करीन ते सांगते. तुमच्या सध्याच्या ड्राइव्हवेला घरासमोर उजवीकडे एक छोटा फाटा काढा. ९ फूट रुंद, २० फूट लांब, कोपऱ्यांच्या गोलाईला थोडी भर, म्हणजे सुमारे २०० चौरस फूट. गॅरेजमधून मागे येऊन गाडीची शेपूट या फाट्यात घालायची आणि नाक पुढे करून रस्त्यावर निघायचं. मागे घेताना डोळे गाडीच्या मागच्या टोकापासून दूर असतात, मध्ये डोकेटेकी आणि खिडकीचे खांब येतात. पुढून निघताना डोळे बंपरपासून ८ फुटांच्या आसपास असतात आणि दोन्ही बाजू उघड्या. शिवाय फाट्याचं टोक पुढच्या दाराकडे सरकतं, म्हणजे आईंना तिथे उतरवून थेट पायरीशी नेता येईल.

आता हिशोब बघा. प्लॉट ८,२५० चौरस फूट, त्याचे ४० टक्के म्हणजे ३,३००. आत्ताचे ३,१५० आणि फाट्याचे २०० मिळून ३,३५०, म्हणजे ५० फूट जास्त. मागच्या १४ बाय २० च्या पॅटिओची २० फुटी कडेची ३ फूट पट्टी उचलली की ६० फूट कमी होतात आणि तुम्ही ३,२९० वर येता, मर्यादेच्या आत. कर्ब तोच, तोंड तेच, कव्हरेज नियमात. तुमच्या टाउनशिपमध्ये पुढच्या अंगणात फरसबंदी किती चालते आणि बाजूच्या हद्दीपासून किती अंतर हवं, एवढं झोनिंग ऑफिसरला विचारून घ्या. तिथेही बसलं, तर व्हेरियन्स लागणारच नाही, साध्या झोनिंग परमिटवर काम होईल. काउंटीलाही नकाशा दाखवून ठेवा. याउलट अर्धगोलाने तुम्ही ३,७७० वर जाता, म्हणजे ४५.७ टक्के. त्यासाठी दोन व्हेरियन्स आणि काउंटीचा परवाना लागेल.

हे मोजमाप हाती असताना अर्धगोलाचाच आग्रह धरायचा असेल, तर फाटा का जमत नाही हे नकाशावर दाखवता आलं पाहिजे. उतार आहे, मोठा ओक आहे, गॅसची लाइन आहे, जे असेल ते.

आईंचा मुद्दा मी बाजूला टाकला असं समजू नका. त्याची वाट वेगळी आहे. केंद्राच्या फेअर हाउसिंग कायद्यात १९८८ च्या दुरुस्तीपासून अपंगत्व असलेल्या व्यक्तीला घराचा नीट वापर करता यावा म्हणून नियमात वाजवी सवलत द्यावी लागते, आणि ‘नियमात’ म्हणजे झोनिंगच्याही नियमात. ७८ वय हे अपंगत्व नव्हे, पण चालण्यावर मोठी मर्यादा येणं हे असू शकतं. डॉक्टरांचं पत्र घ्या. त्यात रोगाचा इतिहास नको, एवढंच हवं की आई वॉकरशिवाय चालू शकत नाहीत आणि दाराजवळ उतरणं त्यांच्यासाठी आवश्यक आहे. ‘सोयीचं’ हा शब्द चालणार नाही, ‘आवश्यक’ हवा. ही मागणी अर्जात वेगळी, लेखी मांडा. मात्र इथेही तोच प्रश्न येईल: फाट्याने भागत असेल, तर दुसरं तोंड आवश्यक कसं?

समजा सुनावणीला जायचंच ठरलं. झोनिंग ऑफिसरने नियमाचा अर्थच चुकीचा लावला असं वाटत असेल, तर त्यावरचं अपील २० दिवसांत करावं लागतं. व्हेरियन्सच्या अर्जाला ती मुदत नाही. घर तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर वकील सक्तीचा नाही, एलएलसीच्या (कंपनीच्या) नावावर असेल तर लागतो. तुमच्यासारख्या प्रकरणात, जिथे शेजारी विरोधात आहे आणि रस्ता काउंटीचा आहे, मी वकिलापेक्षा आधी इंजिनियरवर पैसे खर्च करीन. साक्ष शपथेवर होते आणि साइट डिस्टन्सबद्दल, म्हणजे किती अंतरावरचं दिसतं त्याबद्दल, इंजिनियरने सांगितलेल्या एका वाक्याला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त वजन असतं. अर्जाच्या फीशिवाय एस्क्रो, म्हणजे खर्चापोटी आगाऊ ठेवायची रक्कम, भरावा लागतो, त्यातून बोर्डाच्या वकिलाचं आणि इंजिनियरचं बिल जातं. सुनावणी दोनदा पुढे गेली की तो संपतो आणि पुन्हा भरावा लागतो, याची तयारी ठेवा.

नोटिशीत मात्र फार काळजी घ्या, इथे चांगले अर्ज घरी गेलेले मी पाहिलेत. तुमच्या प्लॉटपासून २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्या सगळ्यांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस जायला हवी, सर्टिफाईड मेलने किंवा हातोहात. मालकांची यादी टाउनशिपकडून प्रमाणित करून घ्या, शेजारी कोण ते मला माहीत आहे असं म्हणून स्वतः बनवू नका. रस्ता काउंटीचा असल्याने काउंटी प्लॅनिंग बोर्डालाही नोटीस लागते, आणि जाहीर सूचनाही, ती कुठे द्यायची ते टाउनशिपला विचारा. नोटिशीत तारीख, वेळ, जागा, पत्ता किंवा लॉट-ब्लॉक नंबर, काय मागताय ते, आणि नकाशे कुठे, कधी बघायला मिळतील हे सगळं हवं. एका जोडप्याने नवव्या दिवशी पाकिटं टाकली होती. इंजिनियर, आर्किटेक्ट, सगळे हजर, आणि वकिलाने सांगितलं, बोर्डाला हे प्रकरण ऐकायचा अधिकारच नाही. त्या बाईंच्या मांडीवर पोस्टाच्या पावत्यांचा गठ्ठा रबरबँड लावून ठेवलेला होता, तो तसाच उचलून त्या गेल्या. दिवस मोजताना वार न धरता तारखा धरा, आणि दोन-तीन दिवस हातचे ठेवा.

शेजाऱ्यांकडे तुम्ही स्वतः जा, पाकीट पोहोचायच्या आधी. संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी नियोजित जागी उभी करा, हेडलाइट लावा आणि त्यांच्या बेडरूममधून दोघांनी मिळून बघा. उजेड खरोखर आत येत असेल, तर सदाहरित झुडपांची रांग किंवा लाकडी कुंपण तुम्हीच सुचवा, रस्त्यापासून मागे, दृष्टी अडणार नाही असं. बोर्ड तीच अट घालणार असतं, ती तुमच्याकडून आली तर शेजाऱ्यांचा राग निम्मा होतो. बाकीच्या आळीच्या सह्यांचा कागद मात्र आणू नका. ज्याला प्रश्न विचारता येत नाही त्याची सही पुरावा म्हणून चालत नाही. ज्याला तुमच्या बाजूने बोलायचंय त्याने तिथे यावं.

‘सी’ व्हेरियन्सला हजर सदस्यांचं बहुमत पुरतं. मंजूर झाला तरी लगेच कंत्राटदाराला बोलावू नका. लेखी ठराव यायला काही आठवडे जातात, आणि निर्णयाची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवस शेजाऱ्यांना न्यायालयात जायची मुभा असते. त्या काळात केलेलं काम स्वतःच्या जबाबदारीवर. नामंजूर झाला, तर तोच नकाशा पुन्हा नेता येत नाही, त्यात ठोस बदल लागतो. माझ्या मते फाट्याचा पर्याय आधी पाहण्याचं हेही एक कारण आहे: पहिली संधी तुम्ही कशावर लावता हे महत्त्वाचं.

वळणाच्या बाजूला किती फूट दिसतं ते मोजून मला कळवा, दोन्ही तोंडांपाशी. सोबत सर्व्हेची प्रत पाठवा, नाव आणि पत्ता झाकून. आईंना माझा नमस्कार सांगा. आणि फाटा होईपर्यंत सकाळी गाडी मागे घेताना घरातलं कोणीतरी फुटपाथवर उभं राहून वळणाकडे बघत जा.